न ओढलेला पट्टा

मार्चमधला तिसरा रविवार, सकाळचे अकरा. ठरलेली किंमत एक लाख अठरा हजार. हजर चौघं: मी, माझी बायको, गाडी घ्यायला आलेल्या बाई आणि काका. काकांनी उजवा पंजा बॉनेटवर ठेवला, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मला म्हणाले, "हं, आता आजार सांगा."

जुनी गाडी विकून द्यायची त्यांची हीच पद्धत होती. विकणाऱ्यानं गाडीची सगळी दुखणी घेणाऱ्याच्या समोर, स्वतःच्या तोंडानं सांगायची. ते झाल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. दलाली ते घेत नसत. दोन्ही बाजूंकडून एकेक चहा, एवढंच.

मी सांगायला लागलो. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. एसीला थंड व्हायला दहा मिनिटं लागतात. क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल. काका दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत होते.

"अजून काही?"

"पुढचा बंपर एकदा रंगवलाय."

"अजून काही?"

"टायर चारही दीड वर्षाचे आहेत."

"हा आजार नाय, ही जाहिरात झाली," काका म्हणाले. बाई हसल्या. "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो.

ते 'नाही' खोटं होतं.

तुमच्याही भागात असा एखादा गॅरेजवाला असेल, ज्याला सगळे नुसतं काका म्हणतात. आमच्या काकांचं गॅरेज ठाकुर्लीत होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा. पूर्वी ते कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचे. कारखाना बंद झाल्यावर गाड्यांकडे वळले. मूळचे राजापूरकडचे. उंच, किडकिडीत, आणि बोलायचे कमी. माझी त्यांच्याशी पहिली ओळख झाली ती बिलावरून.

"बिल द्या," मी म्हणालो.

"कसलं बिल? ऑइल बदललंय. तुम्ही बघितलंत, मी बघितलं."

"तरी द्या."

त्यांनी ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर आकडा लिहून दिला. मी तो घेतला आणि फाइलला लावला. पुढच्या वेळी गेलो तर त्यांनी बाजारातून एक बिलबुक आणून ठेवलेलं. वर निळ्या पेनानं 'ऑडिटर' असं लिहिलेलं. मी ठाण्यात एका कंपनीत हिशोबाचं काम करतो, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. अकरा वर्षं ते बिलबुक माझ्या एकट्यासाठी वापरलं गेलं. मी शेडमध्ये शिरलो की "या ऑडिटर!" अशी हाक यायची, आणि त्याबरोबर खुर्चीवरचं फडकं झटकलं जायचं.

जुनी गाडी घेणारे लोक खरेदीआधी काकांना दाखवायला आणत. शेडच्या समोर स्पेअर पार्टचं दुकान होतं. तिथला दुकानदारच लोकांना सांगायचा, "समोर काकांना दाखवा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही." काका आधी इंजिन बघत नसत. आत बसायचे आणि सीटबेल्टचा पट्टा पूर्ण, अगदी अडकेपर्यंत, बाहेर ओढायचे. शेवटचा हातभर भाग बोटांत धरून उजेडात न्यायचे आणि मग त्याचा वास घ्यायचे.

मी एकदा विचारलं, हे कशाला?

"इंजिन धुता येतं. सीटं नवी घालता येतात. पण हा शेवटचा तुकडा कुणी धूत नाय, कारण तो कुणाला दिसतच नाय. गाडीत पाणी शिरलं की गाळाची रेघ इथं राहते."

एकदा एक जण चकचकीत गाडी घेऊन आला होता. गळ्यात जाड साखळी, बोलण्यात भरपूर हिंदी. काकांनी पट्टा ओढला, बघितला, सोडून दिला. "ही आंघोळ करून आलीय. घेऊन जा," एवढंच म्हणाले. तो माणूस तावातावानं बोलत राहिला. काका दुसऱ्या गाडीखाली गेले.

आणि एकदा एक निवृत्त मास्तर गाडी विकायला आले होते. आजार सांगता सांगता त्यांची गाडी घसरली. ब्रेक, सायलेन्सर आणि मग म्हणाले, "साखर तीनशेच्या खाली येत नाही, डावा गुडघा गेलाय, बायको गेल्यापासून झोप नाही." घेणारा तरुण चुळबुळ करायला लागला. काका त्याला म्हणाले, "थांब रे, होऊ दे त्यांचं." मास्तरांचं होईपर्यंत त्यांनी बॉनेटवरचा हात काढला नाही.

आता माझ्या दोन गाड्यांचं सांगतो.

एक पांढरी, छोटी. वडिलांनी घेतलेली, बारा वर्षांची. दुसरी करडी, माझी, नऊ वर्षांची, सीएनजीवर चालणारी. वडील गेल्यावर तीन वर्षं दोन्ही सांभाळल्या. मग सोसायटीनं ठरवलं, एका फ्लॅटला एकच पार्किंग. कुठलीतरी एक विकणं भाग पडलं.

मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता केला. किलोमीटर, अ‍ॅव्हरेज, विमा, येत्या दोन वर्षांत येऊ शकणारा खर्च, आज मिळेल ती किंमत. तक्ता घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि परत दिला.

"करडी विका," ते म्हणाले. "एक लाख बारा हजार किलोमीटर झालीय, आता ती खायला लागेल. बाबांची गाडी ठेवा. अठ्ठावन्न हजारच चाललीय, आणि तुमच्या आईला तिच्यात चढता-उतरता येतं."

माझा तक्ताही तेच सांगत होता. घरी बायकोचं म्हणणं तेच, आईचंही तेच. सगळ्यांचं एकमत होतं आणि सगळे चुकत होते, कारण एक गोष्ट तक्त्यात नव्हती.

दोन पावसाळ्यांपूर्वी पांढरी गाडी कल्याणला माझ्या बहिणीकडे ठेवली होती. तिच्या इमारतीच्या खालच्या बाजूला पाणी भरलं. गाडीत सीटच्या वरपर्यंत चढलं. काका तेव्हा भातलावणीसाठी गावी गेलेले. कल्याणच्या एका गॅरेजात मी ती सुकवून, धुऊन घेतली. अठरा हजार सहाशे रुपये लागले. विम्याचा दावा केला असता तर नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून रोख दिले. गाडी चालू लागली. काका परतल्यावर त्यांना सांगायचं राहिलं असं मी म्हणू शकतो, पण तसं नव्हतं. त्यांच्या हातचं काम दुसऱ्याला दिलं याचा संकोच होता, म्हणून सांगितलं नाही. पुढे सांगणं अवघड होत गेलं. कल्याणचा मेकॅनिक मात्र निघताना म्हणाला होता, "साहेब, आज चालतेय. वायरिंगचं दोनेक वर्षांत बघा."

ती दोन वर्षं भरत आली होती. म्हणून मला पांढरी विकायची होती.

तसं सांगितल्यावर काकांनी विचारलं, "का? पांढरीच का?"

मी म्हणालो, "आईला सारखी बाबांची आठवण येते. ती गाडी दारात दिसली की रडते. तिलाच ती नकोय."

काकांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "असं असेल तर तक्ता बाजूला ठेवा. मी गिऱ्हाईक बघतो."

आई कधीच रडली नव्हती. वडिलांच्या गाडीला ती दर दसऱ्याला झेंडूचा हार घालायची आणि पुढच्या सीटवर पाच मिनिटं बसून यायची. मी तिला सांगितलं की काकांचा सल्ला पांढरी विकण्याचा आहे. ती म्हणाली, "त्यांना कळतं. तुला योग्य वाटेल ते कर."

म्हणजे काकांना मी आईचं कारण दिलं आणि आईला काकांचं.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाई ठाकुर्लीतच राहायच्या. पोळी-भाजीचे डबे करायच्या. घोडबंदर रोडवरच्या दोन ऑफिसांत मिळून बेचाळीस डबे जायचे. रोजचा टेम्पो परवडत नव्हता, म्हणून स्वतः चालवायला छोटी गाडी हवी होती. काका त्यांना म्हणाले, "ही घ्या डोळे झाकून. मालक कसा आहे ते मला ठाऊक आहे." आणि पट्टा ओढला नाही.

त्या रविवारी मी बाईंना बिलांची फाइल दिली. मूळ बिलं त्रेसष्ट होती. आदल्या दिवशी मी कल्याणचं एक्केचाळीस नंबरचं बिल काढून घेतलं होतं आणि पुढच्या सगळ्यांचे नंबर पांढरी शाई लावून एकेकानं कमी केले होते. आयुष्यात हिशोबाच्या कागदावर मी तेवढी एकदाच खाडाखोड केली. बाई फाइल चाळत म्हणाल्या, "असा मालक मिळायला नशीब लागतं."

"ऑडिटर आहेत ते," काका म्हणाले. त्यांना माझा अभिमान वाटत होता.

परतताना बायको म्हणाली, "सांगायला हवं होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

"काका तुम्हाला विचारत होते. तीनदा."

त्या संध्याकाळी काका घरी आले. आधी कधी आले नव्हते. आईसमोर वाकून म्हणाले, "आई, बाबांची गाडी चांगल्या घरात दिलीय. बाई कष्टाळू आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, रडू नका." आईनं त्यांना चहा दिला, लाडू दिला. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मी रडते असं काय सांगितलंस रे त्यांना?" मी रिकामे कप उचलून आत नेले. तिनं परत विचारलं नाही. पुढच्या दसऱ्याला तिनं करड्या गाडीला हार घातला नाही.

ऑगस्टमध्ये करडीचं सर्व्हिसिंग करायला गेलो. शेडमध्ये पांढरी गाडी उभी होती. सीटं काढून बाहेर ठेवलेली, खालचा गालिचा उचललेला, वायरिंग आतड्यांसारखं बाहेर लोंबत होतं. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून दारावर टाकला होता. त्याच्या शेवटच्या हातभर भागावर तपकिरी रेघ होती. लांबूनही दिसत होती.

काका हात पुसत आले. "या साहेब," ते म्हणाले.

फक्त एवढंच. अकरा वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं. खुर्चीवरचं फडकं झटकलं नाही, खुर्ची होती तिथेच होती. करडीचं काम काय आहे ते विचारलं, संध्याकाळी या म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याशी अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, नीट, अदबीनं बोलत होते.

तेव्हा बोलता आलं असतं. मी तिथे मिनिटभर उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या मिनिटात मी आकडा काढत होतो. बोललो तर किती द्यावे लागतील, पंचवीस हजार, तीस हजार, की बाई पूर्ण पैसे परत मागतील. आकडा जमेना. "बरं, संध्याकाळी येतो," म्हणालो आणि निघालो. संध्याकाळी करडी घेतली. त्यांनी न मागता बिल दिलं, साध्या कागदावर. बिलबुक कुठे गेलं ते विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बल्ब घ्यायला उभा होतो. एक माणूस दुकानदाराला विचारत होता, जुनी गाडी घेतोय, कुणाला दाखवू? दुकानदार म्हणाला, "पूर्वी समोर काकांना दाखवा म्हणायचो. आता नको. त्यांची नजर गेली. पाण्यात बुडालेली गाडी एका बाईला चांगली म्हणून दिली त्यांनी. स्वतःच कबूल करतात."

मी ऐकलं. बल्ब खिशात घातला आणि घरी आलो.

वर्षभरात रस्तारुंदीत शेड गेली. ती नसती गेली तरी काका थांबले असते असं वाटत नाही, कारण शेडपुढे गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या. ते गावी गेले. मी करडी गाडी दुरुस्तीला दुसरीकडे द्यायला लागलो.

यंदा गणपतीनंतर सीएनजीच्या रांगेत त्या बाई भेटल्या. पांढरी गाडी चालवत होत्या, तिला आता सीएनजी किट बसवलेलं. मी मान खाली घातली, पण त्यांनी ओळखलं. काच खाली करून म्हणाल्या, "कळलं का? काका गेले. गावी, महिना झाला."

मग रांग सरकेपर्यंत त्या बोलत राहिल्या. गाडी पावसाळ्यात तीनदा घोडबंदर रोडवर भर ट्रॅफिकमध्ये बंद पडली होती. दिवे, हॉर्न, काहीच नाही. बेचाळीस डबे गाडीत आणि पुढे तास-तास जॅम. एक ऑफिस त्यामुळेच सुटलं. "मी काकांकडे जाऊन रडले. त्यांनी सगळी वायरिंग नवी घातली, गाडीचा कॉम्प्युटर बदलला. अडतीस हजार सातशेचे पार्ट, बिल मी पाहिलंय. माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. म्हणाले, चूक माझी, मी बघायला चुकलो."

मी काहीतरी पुटपुटलो असणार, कारण त्या घाईनं म्हणाल्या, "नाही हो, तुम्हाला कोण दोष देतंय? काका म्हणाले ना, मालकालाही माहीत नसणार, कुणीतरी ड्रायव्हरनं लपवलं असेल."

आमच्याकडे ड्रायव्हर कधीच नव्हता. हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

मी गाडी रांगेतून बाजूला घेतली आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या म्हणाल्या, "तुमची ती फाइल मी लोकांना दाखवायचे." मागून हॉर्न वाजायला लागले, तशा त्या निघून गेल्या. सुटलेल्या ऑफिसचं नुकसान किती, हे मी विचारत होतो तेव्हाच त्यांनी काच वर केली होती.

काका गेल्यावर काकू ठाकुर्लीच्या जुन्या खोलीत परत आल्या होत्या. मी गेलो तेव्हा कडवे वाल निवडत होत्या. मी पाकीट पुढे ठेवलं. अडतीस हजार सातशे पार्टचे आणि दहा हजार मजुरीचे. हे कशाचे, ते उभ्यानंच सांगितलं. कल्याणचं पाणी, काढून घेतलेलं बिल, आईचं खोटं कारण, सगळं.

काकूंचा हात सुपात थांबला.

"त्यांना ठाऊक होतं?"

"हो. गाडी दुरुस्तीला आली, पट्टा ओढला, तेव्हाच कळलं असणार."

"आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते," त्या म्हणाल्या. "लोक म्हणायला लागले ना, नजर गेली म्हणून. मला वाटलं खरंच. डोंबिवलीला नेलं, मग ठाण्याला नेलं. दोनदा चष्मा बदलला. मुकाट्यानं यायचे माझ्याबरोबर, भिंतीवरची अक्षरं वाचायचे. सगळी बरोबर वाचायचे हो. तरी मी म्हणायचे, नीट बघा."

मला खाली बसावंसं वाटलं, पण त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

त्यांनी पाकीट उघडलं. दहा हजार वेगळे काढून माझ्यासमोर ठेवले. "मजुरी त्यांनी मागितली नव्हती, मी कशी घेऊ? पार्टचे घेते. ते पैसे माझ्या बांगड्यांचे होते." मग वालांवर नजर ठेवून म्हणाल्या, "मला सांगितलंत ते ठीक. पण मी काही त्यांना नावं ठेवली नव्हती. त्या समोरच्या दुकानात जाऊन सांगाल?"

मी तिथून थेट दुकानात गेलो. शेड होती तिथे आता फूटपाथ झालाय. दुकानात गर्दी होती. दुकानदाराला म्हणालो, काकांबद्दल सांगायचंय.

"कोण काका?"

"समोर गॅरेज होतं ते."

"हां, हां. चांगला माणूस होता. शेवटी नजर गेली बिचाऱ्याची."

"गेली नव्हती," मी म्हणालो. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, दोघं-तिघं वळून बघायला लागले. "ती गाडी माझी होती. पाण्यात गेलेली. मी त्यांच्यापासून लपवलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तपासली नाही."

दुकानदारानं एका गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजून दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा. मग ते तसं बोलले का नाहीत?"

मी समोरच्या फूटपाथकडे बघितलं.

"जाऊ दे, सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "बोला, काय देऊ?"

मागे माणसं खोळंबली होती. मी करड्या गाडीसाठी वायपरची जोडी मागितली. करडीचे वायपर चांगले होते. तीनशे साठ रुपये झाले, ते दुकानदाराला रोख दिले.